तासाभराचा किल्ला

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली की पहिली काही मिनिटं इतिहास कोणालाच आठवत नाही. घाटावरून आलेल्या अनेकांची समुद्राशी ही पहिलीच गाठ असते. लाटेवर होडी उचलली गेली की आया मुलांना जवळ ओढतात आणि फोटोसाठी उठलेल्याला खलाशी दटावतो, “बसान घेवा!” ही भीती अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. २४ मे २०२२ रोजी जवळच्याच तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता.

सिंधुदुर्ग जवळ येतो, पण दरवाजा काही दिसत नाही. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झालेल्या आणि तीनेक वर्षांत उभ्या राहिलेल्या या किल्ल्याचं महाद्वार गोमुखी बांधणीचं आहे. दोन बुरुजांच्या वळणात ते असं दडलंय की अगदी पुढ्यात जाईपर्यंत तट सलगच वाटावा. शत्रूला चकवायला केलेली ही योजना आज पर्यटकाला सुखद धक्का देते. होडीत गप्प झालेली माणसं इथे पुन्हा बोलती होतात.

आत तटावर दोन छोट्या घुमट्या आहेत. त्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, ते शिवाजी महाराजांचे म्हणून जपलेले. बघायला गेलं तर ओंजळभर जागा. पण ४८ एकरांच्या या किल्ल्यात माणसं सर्वांत हळवी होतात ती इथेच. कोणी नकळत आपला पंजा उघडून मनातल्या मनात माप घेतं, कोणी नुसतेच हात जोडतं. राज्य मंडळाच्या शाळेत चौथीला इतिहासाचं अख्खं पुस्तक शिवचरित्राचं असतं. ते शिकलेला माणूस या घुमटीशी कोरा येतच नाही. ज्याच्या शाळेत ही गोष्ट नव्हती तो दोन मिनिटांत पुढे सरकतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही.

मनातलं चित्र आणि समोरचं दृश्य जुळलं नाही तर काय होतं? पॅरिसमध्ये काम करणाऱ्या हिरोआकी ओटा या जपानी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात अशा काही जपानी पर्यटकांची नोंद केली. स्वप्नातलं पॅरिस न भेटल्यानं ते चक्क आजारी पडले होते. मालवणातही चित्र मोडतं, पण वेगळ्या तऱ्हेनं. राजाराम महाराजांनी किल्ल्यात बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरातल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर ओळखीचा जिरेटोपही नाही, कोळ्यासारखी टोपी आहे. कॅलेंडरवरचा चेहरा शोधत आलेला भाविक क्षणभर गोंधळतो. पुजाऱ्याला किंवा गाइडला विचारतो. मग पुन्हा रांगेत मान उंचावून नीट पाहतो. आजारी वगैरे कोणी पडत नाही. उलट घरी गेल्यावर सांगायला हीच गोष्ट जास्त होते.

नेदरलँड्समधल्या १,५३० जणांच्या पाहणीतून २०१० साली एक गमतीची गोष्ट पुढे आली: सुट्टीवर जाणाऱ्यांचा आनंद निघण्याआधीच जास्त असतो, परतल्यावर बहुतेक जण इतरांसारखेच होतात. मालवणला येणाऱ्यांच्या बाबतीत हे आधीचं दिवस मोजणं थेट चौथीच्या वर्गापासून सुरू झालेलं असतं, असं म्हणायला हरकत नाही.

एवढ्या वर्षांच्या ओढीला मिळतो मात्र जेमतेम तास. होडीवाले साधारण तेवढ्यातच परत बोलावतात, कारण धक्क्यावर पुढची गर्दी खोळंबलेली असते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत किल्ल्याचं नाव आल्यावर ती ओसरायचं काही कारण नाही. तासाभरात ठसे आणि मंदिर होतं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींत डोकावून खाऱ्या समुद्राच्या मध्यात गोडं पाणी कसं, असा प्रश्न मुलं विचारतात, पण उत्तराला वेळ नसतो. सुमारे तीन किलोमीटरच्या तटाची फेरी तर बहुतेकांची राहूनच जाते. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की किनाऱ्यावरूनच तट बघून लोक बाजाराकडे वळतात. बाकीच्या दिवसांत होडीतून उतरल्याबरोबर प्रश्न येतो तो स्कूबाचा, आणि त्यानंतर लगेच, सुरमईची थाळी कुठे चांगली मिळते याचा.