बँजोची आखूड तार

अमेरिकन बँजोला बहुधा पाच तारा असतात. चार तारा मानेच्या टोकापर्यंत जातात; पाचवी मात्र वाटेतच, पाचव्या पडद्यापाशी, वेगळ्या खुंटीला गुंडाळलेली असते. (आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो कळांचा बँजो निराळा, त्याचे मूळ जपानी तैशोगोतो या वाद्यात आहे.) आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या लोकांनी हे वाद्य घडवले. अंगठ्याने छेडायची आखूड तार ही त्यांचीच देणगी.

तारा बदलताना एक गंमत आढळते. पहिली आणि पाचवी या सहसा एकाच जाडीच्या, सुमारे पाव मिलिमीटरच्या पोलादी तारा असतात. तरी पहिली सेकंदाला २९४ कंपने करते आणि पाचवी ३९२. हे कसे?

तारांचे नियम फ्रेंच पंडित मर्सेन याने १६३६ च्या सुमारास मांडले. ताण व जाडी कायम ठेवली तर कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पाचव्या पडद्यापासून पुढे तारेची पाऊण लांबीच उरते. आता २९४ ला ४/३ ने गुणा. उत्तर ३९२!

हाच स्वर अखंड लांबीच्या तारेतून काढायचा म्हटले तर? कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताण १६/९ पट हवा. सुमारे ६७ सें.मी. लांबीच्या पहिल्या तारेवर मुळातच सहा किलोग्रॅम वजनाइतका ताण असतो, तो अकराच्या आसपास जाईल. अशी तार केव्हा तुटेल याचा नेम नाही, आणि तुटलेली तार चाबकासारखी उसळते. तेव्हा खुंटी पिळताना चेहरा दूर ठेवावा.

सगळ्या तारा एकदम काढू नयेत. बँजोची घोडी चिकटवलेली नसते. ती तारांच्या दाबानेच कातड्यावर उभी असते. एक तार काढावी, तिच्या जागी नवी चढवावी, मग दुसरीला हात लावावा. घोडी सरकल्याची शंका आली तर पहिली तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. तेथे लांबी निम्मी होते, म्हणून कंपनसंख्या दुप्पट हवी. स्वर चढा लागला तर घोडी मानेच्या बाजूला सरकली आहे असे समजा.

पाचवी तार लावणे सोपे. पहिली तार पाचव्या पडद्यावर दाबा आणि दोन्ही एकदम छेडा. एकीची कंपने ३९२ व दुसरीची ३९० असतील तर आवाज सेकंदाला दोनदा लहानमोठा होतो. हेच तुमच्या पुस्तकातले विस्पंद. ते मंदावत नाहीसे होईपर्यंत खुंटी हळूहळू फिरवा. नव्या तारेचे वेढे खुंटीवर घट्ट बसेपर्यंत ती उतरत राहते. थोड्या वेळाने पुन्हा ऐकून पाहा.