पान आहे, पण वाट नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

देवगडजवळ माझ्या मामांची हापूसची बाग आहे. दलालाला फाटा देऊन पेट्या थेट ग्राहकांना पाठवायच्या असे त्यांनी ठरवले, तेव्हा वेबसाइट तयार करण्याचे काम अर्थातच भाच्याकडे आले. मीही हौसेने ते केले. बागेचे फोटो, पेटीचे दर, मागणी नोंदवण्याची पद्धत, सगळे व्यवस्थित मांडले.

पहिल्याच हंगामात पुण्याहून एका ग्राहकाचा रागावून फोन आला. आठ दिवस झाले तरी आंबे पिकले नव्हते. विचारपूस केल्यावर कळले, की कच्ची पेटी घरी येताच त्यांनी आंबे फ्रिजमध्ये ठेवले होते. गारठ्यात कच्चा आंबा पिकत नाही, बिघडतो. मामांनी मुकाट्याने दुसरी पेटी पाठवली. आंब्याचा धंदा मोजून दोन-अडीच महिन्यांचा. त्यात अशा चार पेट्या परत गेल्या, की वर्षाचे गणित कोलमडते.

वाईट याचे वाटले, की ‘आढी कशी लावावी’ हे पान आमच्या वेबसाइटवर होते. मामीने सांगितले आणि मी उतरवून घेतले होते. पेंढा किती घालावा, फळे कशी रचावीत, रोज कोणती काढावीत, सारे त्यात होते. मामीने विचारले, “तू ते लिहिलंस खरं, पण ठेवलंस कुठे?”

या साध्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. ते पान मी मागाहून तयार केले होते आणि त्याच्याकडे जाणारी एकही लिंक दिली नव्हती. पत्ता फक्त मला ठाऊक! गुगलमध्ये बागेचे नाव आणि ‘आढी’ असे शब्द घालून पाहिले, तर होमपेज आले, हे पान नाहीच. कोकणात जशी एखादी वाडी असते, घरे आहेत, माणसे आहेत, पण रस्ता नाही, तशी त्या पानाची गत होती.

असे का होते? सर्च इंजिन आपला प्रश्न घेऊन त्या क्षणी जगभर धावत नाही. त्याचा एक प्रोग्राम आधीच वेबवर फिरत असतो. गुगलच्या अशा प्रोग्रामचे नाव गुगलबॉट. माहीत असलेल्या पानावर तो जातो, तिथल्या लिंक्स टिपतो आणि त्या धरून पुढच्या पानांवर पोहोचतो. वाचलेल्या पानांची सूची तयार होते आणि आपल्याला उत्तर मिळते ते त्या सूचीतून. ज्या पानाकडे लिंकच नाही, ते सूचीत येण्याची शक्यता फारच कमी. जाणकार अशा पानाला ‘अनाथ पान’ म्हणतात.

लिंक केवळ वाट दाखवत नाही, ती वजनही देते. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली ‘पेजरँक’ ही पद्धत मांडली. कल्पना अशी, की एखादा माणूस मनाला येईल त्या लिंकवर क्लिक करत फिरत राहिला, तर तो कोणत्या पानावर जास्त वेळा पोहोचेल? ते पान महत्त्वाचे. पानाचे वजन त्यावरून निघणाऱ्या लिंक्समध्ये वाटले जाते. त्याच वर्षी गुगल कंपनी स्थापन झाली. आज क्रम ठरवताना इतर पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात, पण लिंक्सचे महत्त्व संपलेले नाही.

बाहेरचे लोक आपल्याला लिंक देतात ती बहुधा होमपेजला. तिथे जमलेले वजन आतल्या पानांपर्यंत न्यायचे काम आपल्याच वेबसाइटमधल्या लिंक्स करतात. दुसऱ्याने आपल्याला लिंक द्यावी, हे आपल्या हातात नसते. आपल्या घरातल्या वाटा मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतात, आणि त्यांना पैसाही पडत नाही.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक पानासाठी एक चौकोन काढला आणि लिंक असेल तिथे बाण. आढीच्या चौकोनाकडे एकही बाण नव्हता. तुमची वेबसाइट असेल तर हा प्रयोग जरूर करा. पाने पुष्कळ असतील, तर गुगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत सोयीत कोणत्या पानाला आतून किती लिंक्स आहेत हे दिसते.

दुसरी चूक शब्दांची. मी जागोजागी ‘येथे क्लिक करा’ असे लिहिले होते. त्यावरून ना वाचकाला काही कळते, ना सर्च इंजिनला. लिंकचे शब्द म्हणजे पुढच्या पानाची पाटी. एसटी स्टँडवर नुसते ‘गाडी इथे लागेल’ असे लिहून कसे चालेल? गावाचे नाव हवे! म्हणून दरांच्या पानावर मी वाक्य घातले, ‘पेटी कच्ची आली, तर घरी आंब्याची आढी कशी लावावी ते वाचा’, आणि ‘घरी आंब्याची आढी कशी लावावी’ या शब्दांना लिंक दिली. वाचकाला जिथे प्रश्न पडतो, तिथेच वाट हवी. मेनूत दडवलेल्या नावापेक्षा ओघात आलेले असे वाक्य अधिक उपयोगी पडते.

उलट दिशेलाही वाट हवी. आढीच्या पानावरून मागणीच्या पानाकडे लिंक दिली. भौगोलिक मानांकनाचे पान, म्हणजे कोकणच्या हापूसला २०१८ साली मिळालेल्या मानांकनाची माहिती, तेही जोडले.

काही पथ्येही पाळावी लागतात. प्रत्येक शब्दाला लिंक देऊ नये. वजन विभागले जाते आणि वाचक गोंधळतो. पानाचा पत्ता बदलला, तर जुन्या लिंक्स दुरुस्त कराव्यात. लिंक ही खरी लिंक असावी, म्हणजे ‘ए’ टॅगमध्ये ‘एचरेफ’ने दिलेला पत्ता. नुसत्या प्रोग्रामवर चालणाऱ्या बटणामागची वाट गुगलबॉटला सापडेलच असे नाही. ‘साइटमॅप’ नावाची पानांची यादीही देता येते, ती जरूर द्यावी. पण ती यादी म्हणजे गावांची नावे. रस्ते आपल्यालाच बांधावे लागतात.

आणि लिंक म्हणजे जादू नव्हे. पानात दम नसेल, तर शंभर वाटा काढूनही उपयोग नाही. आमचे पान काही आठवड्यांनी शोधात दिसू लागले. पहिल्या क्रमांकावर मुळीच नाही, पण दिसू लागले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मागणी नोंदवतानाच लोक ते वाचू लागले. पुढच्या हंगामात एका बाईंचा मामीला फोन आला, “पेंढा मिळत नाही, वर्तमानपत्र चालेल का?” मामीने हसून ‘चालेल’ म्हटले आणि मला हाक मारली, “हेही लिही रे. आणि या वेळी वाट ठेव!”