थेट, विनाथांबा आणि मधला मुक्काम

कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला पाय ठेवायला जागा नसते. लातूर, नांदेड, परभणीकडून, शिवाय कर्नाटक आणि तेलंगणातून दिंड्या चालत आलेल्या असतात. मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन झालं की माणसं धबधब्याच्या पाण्यात पाय सोडून बसतात. गेल्या पौर्णिमेला तिथंच, ओल्या दगडावर बसून, माझ्या पुतणीनं मोबाईल पुढे केला. "काका, यातलं कोणतं घ्यावं? चार तिकिटं काढायचीत."

ती आणि जावई दोघंही शिक्षक. मे महिन्याच्या सुटीत सासू-सासऱ्यांना घेऊन मॉरिशसला जायचं त्यांच्या मनात होतं. सासूबाईंनी विमान आजवर आकाशातच पाहिलेलं, सासऱ्यांना मधुमेह. पडद्यावर दोन पर्याय होते. मुंबईहून उठून सुमारे साडेसहा तासांत मॉरिशसला उतरणारं विमान, आणि दुबईमार्गे, मध्ये चार तास थांबून, एकूण चौदा तास घेणारं. दुसरं माणशी काही हजारांनी स्वस्त. चार माणसांचा हिशेब केला तर एका शिक्षकाच्या घरात तो फरक जाणवण्यासारखा होता, म्हणून तिचा प्रश्न मला साधा वाटला नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवायला हवा. एसटीनं फिरणाऱ्या माणसाला तो चटकन कळतो. बीड-पुणे थेट गाडी म्हणजे गाडी बदलावी लागत नाही, पण ती जामखेडला थांबते, अहिल्यानगरला थांबते, माणसं चढतात-उतरतात. विनाथांबा गाडी वेगळी. विमानातही तसंच आहे. 'डायरेक्ट' असं लिहिलेलं विमान मध्ये एखाद्या ठिकाणी उतरू शकतं. एकाच क्रमांकाखाली सगळा प्रवास असतो एवढंच. मध्ये कुठंच न उतरणाऱ्याला 'नॉनस्टॉप' म्हणतात. आपण बोलताना दोन्हीला डायरेक्टच म्हणतो, पण तिकीट काढताना 'थांबे' या रकान्यात शून्य आहे की एक, ते डोळ्यांनी पाहावं. आणि विमान बदलावं लागणारा प्रवास तो 'कनेक्टिंग'.

आता नकाशा. माझ्या मते तिकिटाच्या रकमेआधी माणसानं तोच बघावा. मुंबईहून मॉरिशस सरळ रेषेत साधारण ४,७०० किलोमीटर आहे, नैऋत्येला, विषुववृत्त ओलांडून. दुबई मुंबईच्या वायव्येला. म्हणजे दुबईमार्गे जाणारा माणूस आधी १,९०० किलोमीटर वर जातो आणि मग तिथून ५,१०० किलोमीटर खाली येतो. एकूण ७,०००. मांजरसुंब्याहून सोलापूरला जायचं आणि गाडी आधी संभाजीनगरकडे वळवायची, त्यातला हा प्रकार.

पण दर वेळी असं नसतं. बाली घ्या. मुंबईहून बालीचं देनपसार सुमारे ५,६०० किलोमीटरवर आहे. सिंगापूरमार्गे गेलात तर ३,९०० अधिक १,७००, म्हणजे बेरीज जवळपास तेवढीच येते, कारण सिंगापूर त्याच वाटेवर आहे. क्वालालंपूरचंही तसंच. तिथं मध्ये थांबून हवेतला वेळ फारसा वाढत नाही, फक्त जमिनीवरचा वाढतो. लांबच्या पल्ल्यात पाय मोकळे होतात हा उलट फायदा. म्हणून "डायरेक्टच बरं" किंवा "कनेक्टिंग स्वस्त पडतं" असा एकच सल्ला सगळ्या बेटांना लावता येत नाही. थांबा वाटेवरचा आहे की वाट सोडून, हा पहिला प्रश्न.

मग वाट सोडून नेणारी कंपनी स्वस्त कशी देते, असं पुतणीनं विचारलं. इंधन जास्त, तास जास्त, तरी पैसे कमी. त्याचं उत्तर मोठ्या विमानतळांच्या रचनेत आहे. दुबई, दोहा, सिंगापूर अशा ठिकाणी वीस-पंचवीस शहरांतून विमानं साधारण एकाच वेळी उतरतात, माणसं आपापल्या पुढच्या विमानांत वाटली जातात आणि दोन-तीन तासांत तितकीच विमानं वेगवेगळ्या दिशांना उठतात. मॉरिशसच्या विमानात मुंबईचे चार, लंडनचे चाळीस, मॉस्कोचे दहा असे प्रवासी मिळून ते भरतं. मुंबईच्या माणसाला विनाथांबा पर्याय आहे हे त्या कंपनीला ठाऊक असतं. त्याचा वेळ आपण खाणार, म्हणून त्याला भाड्यात सूट द्यावी लागते. म्हणजे ती सूट तुमच्याच सात-आठ तासांची किंमत असते. ती घ्यावी की नाही हे तास कुणाचे आहेत त्यावर ठरवावं. पंचविशीतल्या दोघांनी खुशाल घ्यावी. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या, ठरलेल्या वेळी गोळी आणि जेवण लागणाऱ्या माणसाचे सात तास मी तरी एवढ्या स्वस्तात विकणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट दोन विमानांमधल्या सांध्याची आहे. कपिलधारला चालत येणाऱ्या दिंडीत दुपारची पंगत कोणत्या गावात, रात्रीचा मुक्काम कोणत्या शाळेत किंवा मठात, हे निघण्याआधी ठरलेलं असतं. एखादं गाव गाठायला अंधार पडला तरी तिथं कुणीतरी वाट पाहत असतं, कारण त्या मुक्कामाची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते. विमानाच्या प्रवासात ही जबाबदारी पीएनआर नावाच्या सहा अक्षरी क्रमांकात असते. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं उशिरा पोचून दुसरं चुकलं तरी पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीवर येतं. सामानही बहुधा मुंबईत दिलं की थेट बेटावर मिळतं.

तेच दोन वेगळी तिकिटं स्वतः जोडली, किंवा एखाद्या संकेतस्थळानं 'सेल्फ ट्रान्सफर' अशा बारीक अक्षरांत जोडून दिली, तर मधला सांधा तुमचा. पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. तुम्ही तिच्या लेखी गैरहजर, तिकीट बुडालं. शिवाय सामान घ्यायला बाहेर पडावं लागतं आणि बाहेर पडायचं म्हणजे त्या देशात शिरायचं. मॉरिशसला पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण सिंगापूरला लागतो. बालीच्या स्वस्त तिकिटापायी सिंगापूरच्या व्हिसाशिवाय काऊंटरवरच अडकणारी माणसं असतात. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे तिकीट दिसलं तर परत येताना लागू होणारा पीतज्वराच्या लसीचा नियमही आधीच तपासून घ्यावा.

एवढं ऐकल्यावर जावई म्हणाले, "म्हणजे विनाथांबा घेतलं की सांधाच नाही." इथंच आपली मराठवाड्यातल्या माणसांची मोठी चूक होते. मुंबईकराला सांधा नसेल, कपिलधारच्या माणसाला आहे आणि तो सगळ्यांत कच्चा आहे. इथून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. बीडहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालं तर नऊ-दहा तास धरायचे. वाटेत घाट, कुठं रस्त्याचं काम, पुढं कल्याण किंवा पनवेलची कोंडी. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं. ट्रॅव्हल्स बंद पडली म्हणून कोणतंही विमान थांबत नाही, आणि हा सांधा कोणत्याच पीएनआरवर नसतो. आम्ही मुंबईच्या तिकिटावर तासन्‌तास घासाघीस करतो आणि हे दहा तास जणू मोजायचेच नसतात.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरकडे रेल्वे सुरू झाली. कित्येक पिढ्यांनी वाट पाहिलेली ती गाडी डोळ्यांत पाणी आणणारी आहे, पण विमान गाठायला अजून तिच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. संभाजीनगरचा विमानतळ कपिलधारपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथून मुंबईचं विमान पुढच्या प्रवासासकट एकाच तिकिटावर मिळत असेल तर जरूर पाहावं, कारण मग तो कच्चा सांधा कंपनीच्या अंगावर जातो. मात्र दोन वेगळी तिकिटं काढून तसं करायचं असेल तर मुंबईत कोणत्या टर्मिनलवर उतरणार ते विचारा. टर्मिनल एकवरून आंतरराष्ट्रीय टर्मिनल दोनला रस्त्यानं जावं लागतं. आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. तिकिटावर 'मुंबई' दिसतं, पण खाली बीओएम आहे की एनएमआय, ही तीन अक्षरं पाहायला विसरू नका. दोन्हींच्या मध्ये अख्खी मुंबई आहे.

विनाथांब्याच्या बाजूनं इतकं बोललो, पण त्याचीही एक दुखरी बाजू आहे आणि ती बेटावर जास्त बोचते. मुंबईहून मॉरिशसला सरळ जाणारं विमान रोज असेलच असं नाही. बऱ्याचदा आठवड्यातले ठरावीक दिवस असतात आणि ते हंगामाप्रमाणे बदलू शकतात. ते एक विमान रद्द झालं तर पुढचं कदाचित दोन दिवसांनी. दुबईहून मात्र मॉरिशसला दिवसातून एकाहून जास्त विमानं जातात. आपल्याकडे हैदराबादचं विमान चुकलं तर परळीहून रेल्वे आहे, एसटी आहे, कुणाची जीप आहे. बेटावरून निघायला दुसरा रस्ता नसतो. म्हणून विनाथांबा घेणाऱ्यानं सुटी संपण्याच्या आदल्या रात्री परतायचं ठरवू नये, दोन दिवस हातात ठेवावेत. शाळा उघडण्याच्या दिवशी हजर व्हायचं असेल तर हे फार महत्त्वाचं.

यात हवामानाचा भाग मोठा आहे. मॉरिशस दक्षिण गोलार्धात. तिथला चक्रीवादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' वादळ आलं तेव्हा तिथला विमानतळ बंद ठेवावा लागला होता. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, म्हणजे नवी जोडपी नेमकी याच महिन्यांत तिकडं जातात. जाऊ नये असं मी म्हणत नाही, वादळ काही रोज येत नाही. पण त्या महिन्यांत जाणाऱ्यानं तरी एकाच पीएनआरचा आणि फेरबदल करू देणाऱ्या तिकिटाचा आग्रह धरावा. मे महिना त्या मानानं बरा. तिकडं हिवाळ्याची चाहूल असते आणि बीडच्या उन्हातून गेलेल्या माणसाला ती हवा औषधासारखी लागते.

पुतणीनं मॉरिशसच का निवडलं, ते नंतर कळलं. तिनं मुलांना शिकवताना कुठंतरी वाचलं होतं की तिथं मराठी माणसं आहेत. आहेत, आणि ती पर्यटक म्हणून गेलेली नव्हेत. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर नेले. बहुसंख्य कलकत्त्याहून बिहारचे गेले, काही मद्रासहून आणि काही मुंबई बंदरातून, त्यांत कोकणातली माणसं बरीच. शिडाच्या जहाजांतून कित्येक आठवडे समुद्रावर काढून ती पोर्ट लुईला उतरली. जिथं उतरली तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. बंदरातून वर येणाऱ्या त्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. त्यांचे पणतू-खापरपणतू आज घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. ज्यांना परतीचं विमान तर सोडाच, परतीची खात्रीही नव्हती त्यांच्या गावात आपण साडेसहा तासांत जाणार आहोत. मी तिला म्हटलं, समुद्रकिनारा सगळेच पाहतात, त्या पायऱ्यांसाठी मात्र एक अख्खी सकाळ राखून ठेव. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे, हॉटेलं बरीचशी उत्तरेला, तासाभराहून जास्त अंतर. चौदा तासांच्या प्रवासातून उतरलेल्या माणसाचा पहिला दिवस झोपण्यात जातो, सहा दिवसांच्या सहलीतला एक. हे नुकसान तिकिटावर छापलेलं नसतं.

सामानाचं एकच सांगतो. विमान बदलताना बॅग मागं राहण्याची शक्यता वाढते, आणि बेटावर ती पुढच्या विमानानंच येणार. म्हणून सासऱ्यांच्या गोळ्या, इन्सुलिन, डॉक्टरची चिठ्ठी आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीतच हवेत, विमान कोणतंही असो. बॅग फुटली तर सात दिवसांच्या आत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांच्या आत कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी लागते. भारतानं २००९ मध्ये स्वीकारलेल्या माँट्रियल कराराप्रमाणे ही मुदत आहे. ती टळली की हक्क जातो.

शेवटी तिनं विनाथांबा घेतलं. जाताना आदल्या दिवशी सकाळीच निघून पनवेलला माझ्या मावसबहिणीकडे मुक्काम. परतीचं मात्र तिनं गृहीत धरलं होतं: रात्री विमान उतरणार, बाहेर गावाकडची गाडी उभी असेल, पहाटे घरी. मला तेच नको होतं. दिवसभर गाडी चालवून आलेला ड्रायव्हर, तीन-चार तास पार्किंगमध्ये वाट पाहून, मध्यरात्रीनंतर पुन्हा चारशे किलोमीटरला निघतो. आपल्या या रस्त्यांवर पहाटेच्या वेळी झालेल्या अपघातांच्या बातम्या मी इतकी वर्षं वाचत आलो आहे. त्यांतल्या किती गाड्या विमानतळावरून, दवाखान्यातून नाहीतर लग्नाहून परतणाऱ्या होत्या. परदेशातून सुखरूप आलेली माणसं घरापासून वीस किलोमीटरवर जातात.

"परत आल्यावरही पनवेलला झोपायचं," मी म्हटलं. "ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलव."

ती जरा थांबली. मग पर्समधून वही काढली आणि परतीच्या तारखेखाली आणखी एक ओळ लिहिली: मुक्काम, आत्याकडे.