वस्तीवर सोलरवर फ्रिज चालवायचाय? घेण्याआधी हा हिशोब करा



वस्तीवर लाइट नाही म्हणून दूध, भाजी, जनावरांच्या लसीसाठी छोटा फ्रिज सोलरवर घ्यायचा विचार बरेच जण करताहेत. एक प्लेट, एक बॅटरी लावली की उन्हाळ्यात चालून जातं. पण फ्रिज रात्रंदिवस वीज खातो. हिशोब चुकला तर पावसाळ्यात बॅटरी रोज तळाला जाते आणि लवकर बाद होते.

*१) रोजची गरज:* फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट असतात. त्याला ३६५ ने भागा. १८० युनिट असतील तर रोज अर्धा युनिट. पत्र्याच्या शेडमध्ये जास्त लागतं, पाऊण युनिट धरा.

*२) इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च:* नुसता चालू असला तरी १५ वॅटच्या आसपास खातो. २४ तासांत हे ०.३६ युनिट होतात. एकूण रोज १.१ युनिट.

*३) बॅटरी:* १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे १.८ युनिट. ट्यूब्युलर बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे ०.९. संध्याकाळी ५ ते सकाळी ८ पर्यंत ०.७ लागतात. एक रात्र निघते, ढगाळ दिवसासाठी काही उरत नाही.

*४) प्लेट:* ४ तास चांगलं ऊन आणि ३० टक्के घट धरली तर ४०० वॅट लागतात. ३३० वॅटची मोठी प्लेट साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरने १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडली तर १२० वॅटच्या आसपासच मिळतात. मोठ्या प्लेटला एमपीपीटी कंट्रोलरच घ्या.

*५) इन्व्हर्टर:* कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतो. १०० वॅटच्या फ्रिजलाही ८०० ते १००० व्हीएचा, प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो.

*पावसाळ्यात काय करावं?*
ऊन असताना फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवा. रात्री त्या खालच्या कप्प्यात ठेवून इन्व्हर्टर बंद करा, दार उघडू नका. बॅटरीवरचा रात्रीचा भार जवळपास संपतो. फ्रिज सावलीत, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

*लस ठेवणाऱ्यांनी लक्ष द्या*
लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंशांतच ठेवायची. गोठली तर निकामी होते, म्हणून फ्रीजरमध्ये किंवा बर्फाच्या बाटलीला टेकवून ठेवू नका. आत थर्मामीटर ठेवा. बॅटरी उतरून रात्री फ्रिज बंद पडला आणि तापमान ८ च्या वर गेलं, तर पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय ती लस टोचू नका. बिघडलेली लस दिसायला चांगलीच दिसते. आपण निर्धास्त राहतो आणि जनावर उघडं पडतं.

घेण्याआधी फ्रिजच्या लेबलचा आणि प्लेटच्या मागच्या स्टिकरचा फोटो कंपनीच्या नंबरवर पाठवा. हिशोब तपासून सांगू.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी