जुन्या ट्रॅक्टरला रोल बार बसवताय?

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलो, तिथे एका जुन्या ट्रॅक्टरवर गावातच वेल्डिंग केलेला पाइपचा सांगाडा दिसला. सावलीला ठीक आहे. ट्रॅक्टर उलटला तर हा सांगाडा दुमडेल.

खरा रोल बार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी चौकट, मागच्या एक्सल हाऊसिंगला जाड बोल्टांनी आवळतात. तुमच्या मॉडेलसाठी चाचणी झालेलाच घ्या. त्याला भोक पाडू नका, वेल्डिंग तर नकोच. तापलेलं लोखंड तिथेच कमजोर पडतं.

सोबत सीट बेल्ट हवाच, नाहीतर माणूस फेकला जाऊन ट्रॅक्टरखाली सापडतो. मागे उलटायला दीड सेकंद पुरतो हो, उडी मारायला वेळच नसतो!

रोल बार नसेल तर मात्र बेल्ट बांधू नका.

स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना रोल बारसारखं संरक्षण सक्तीचं केलं.

तुमचं मॉडेल आणि साल लिहा, माहीत असेल ते सांगतो.