फोनकडून टॉवरकडे: अपलिंक आणि त्यावरची पेटंटं

अपलिंक: फोनकडून टॉवरकडे जाणारा डेटा. उलट दिशेचा तो डाउनलिंक. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की अपलिंक, आलेला उघडला की डाउनलिंक.

आधी परवानगी: फोन मनाला येईल तेव्हा डेटा पाठवत नाही. तो टॉवरकडे मागणी नोंदवतो, टॉवर वेळ आणि फ्रिक्वेन्सी नेमून देतो, मगच प्रक्षेपण. ४जीच्या एफडीडी प्रकारात (अपलिंक आणि डाउनलिंक वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर) परवानगी आणि प्रक्षेपण यांत ४ मिलिसेकंदांचं अंतर. अनेक पेटंटं या देवाणघेवाणीच्या बारकाव्यांवरच आहेत.

बॅटरीची काळजी: ४जी फोनची कमाल प्रक्षेपणशक्ती साधारण २०० मिलिवॉट, मोठ्या टॉवरची कित्येक वॉट. म्हणून अपलिंकला एससी-एफडीएमए ही कमी वीज खाणारी पद्धत, डाउनलिंकला ओएफडीएमए. त्याच कारणाने १८०० मेगाहर्ट्झ बँडमध्ये अपलिंकचा पट्टाही खालचा: अपलिंक १७१०–१७८५ मेगाहर्ट्झ, डाउनलिंक १८०५–१८८०.

पेटंटची मुदत: २० वर्षं, अर्जाच्या तारखेपासून (मंजुरीच्या नव्हे, इथे अनेकांची गल्लत होते). भारतात पेटंट कायदा, १९७०. त्यानुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही.

मानक-आवश्यक पेटंट: जे वापरल्याशिवाय ४जीसारख्या एखाद्या मानकाचा फोन बनूच शकत नाही. असे परवाने रास्त, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर देण्याची हमी पेटंटधारकाकडून मागितली जाते.