तांदीच्या पुढे

मनाली–लेह रस्त्यावर तांदी गावाशी चंद्रा आणि भागा या नद्या एकत्र येतात. तिथल्या पेट्रोल पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी वर्षानुवर्षे प्रवाशांच्या ओळखीची. सायकलस्वाराने ती आपल्यासाठीच आहे असे समजावे. पुढे बारालाचा ला, नकी ला, लाचुंग ला आणि ५३०० मीटरहून उंच टांगलांग ला अशा खिंडी चढायच्या असतात. उन्हाळ्यात सरचू, पांग इथे तंबूतले ढाबे लागतात. डाळभात, मॅगी, चहा, अंथरूण मिळते. पोटाची सोय होते, सायकलची होत नाही.

एखादे दुकान सापडलेच, तरी आशा धरू नये. गावाकडच्या दणकट २८ इंची सायकलीची रिम ६३५ मिलिमीटरची, आणि प्रवासी सायकलींना बहुधा असते ती '७०० सी' ६२२ मिलिमीटरची. तेरा मिलिमीटरच्या फरकामुळे टायर बसतच नाही. म्हणून दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन आणि आपल्या व्हॉल्व्हला बसणारा पंप बरोबर हवाच.

पंक्चरमध्ये नवखे फसतात ते एकाच जागी. ट्यूब बदलतात, हवा भरतात आणि थोड्याच वेळात चाक पुन्हा बसते. कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. ट्रकच्या फुटक्या टायरमधली तार तर केसाएवढी बारीक, डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून बोट हळूच फिरवले की टोचते. टायरवरचे नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असे बसवले, तर ट्यूबचे भोक पाहून टायरमधली जागा लगेच सापडते. टायर कडेला फाटला असेल तर टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा आतून लावावा, नाहीतर फुगा बाहेर येऊन ट्यूब फुटते.

सामानाचा बहुतेक भार मागच्या चाकावर येतो, आणि स्पोक तुटतो तो बहुधा उजवीकडचा, गिअरच्या चकत्यांमागचा. चकत्या काढायचा पान्हा नसेल, तर शेजारचे डाव्या बाजूचे स्पोक थोडे सैल करून चाकाची आउट काढावी; रिम ब्रेकला घासायची थांबते. चेनसाठी तोडणी आणि जोडकडी पुरे. कडी मात्र आपल्याच चेनच्या मापाची हवी. ही सगळी कामे घरी एकदा तरी स्वतःच्या हातांनी केलेली असावीत. थंडीने बोटे बधिर झाल्यावर ती नव्याने शिकता येत नाहीत.

वाटेतले ओढे दुपारी बर्फ वितळून फुगतात, म्हणून ते सकाळी ओलांडावेत. पाणी उकळून किंवा गोळी टाकून प्यावे. डोके दुखून मळमळू लागले की त्या दिवशी आणखी उंचावर मुक्काम नको. विश्रांतीनेही उतार पडला नाही, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला, तर सायकलचा विचार सोडून मिळेल त्या ट्रकने लगेच खाली उतरावे, रात्र असली तरी.